एक प्रोग्रॅम, दोन मशीन : ग्रेस हॉपर

फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हटलं की हल्ली बरेच ग्रुप मोबाइल ॲप करतात, आणि ॲप म्हटलं की फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह ही नावं ओघाने येतातच. कारण उघड आहे. अँड्रॉइडसाठी एकदा कोटलिनमध्ये लिहायचं, मग आयफोनसाठी तेच सगळं पुन्हा स्विफ्टमध्ये लिहायचं, एवढा वेळ सबमिशनच्या तोंडावर कोणाकडे असतो? त्यापेक्षा एकदाच लिहावं आणि दोन्हीकडे चालवावं. याला आपण क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणतो, आणि ही स्मार्टफोन आल्यानंतरची, अगदी कालपरवाची युक्ती आहे अशी आपली समजूत असते.

प्रत्यक्षात ही कल्पना आपल्या आईवडिलांपेक्षाही वयाने मोठी आहे. ६ आणि ७ डिसेंबर १९६० या दोन दिवशी अमेरिकेत जवळपास एकच प्रोग्रॅम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवण्यात आला. एक मशीन आरसीए कंपनीचं, दुसरं रेमिंग्टन रँडचं युनिव्हॅक. दोघांची रचना वेगळी, आतली भाषा वेगळी. तरीही प्रोग्रॅम इकडे चालला आणि तिकडेही चालला. त्या दिवसांपर्यंत पोचायला अनेकांचे कष्ट लागले, पण ज्यांनी ही गोष्ट शक्य आहे असं सगळ्यांच्या आधी म्हटलं आणि लोक हसले तरी म्हणतच राहिल्या, त्या होत्या ग्रेस हॉपर. आपल्या सिलॅबसमध्ये कंपायलरवर अख्खा विषय आहे. त्यात लेक्सिकल ॲनालिसिस आहे, पार्सिंग आहे, पण या बाईंची ओळख कुठेच होत नाही. मला ती झाली ती आमचं ॲप टेस्ट करताना. ती तुम्हालाही करून द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. तीन भावंडांत त्या थोरल्या. वडील विम्याच्या व्यवसायात, आईला गणिताची ओढ. मुलींनीही मुलासारखंच शिकलं पाहिजे यावर वडिलांचा कटाक्ष होता, आणि त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. लहानपणीचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. सात वर्षांच्या ग्रेसला गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायचं होतं. तिने एक घड्याळ उघडलं, ते परत जोडता येईना, म्हणून बघायला दुसरं उघडलं, मग तिसरं... असं करत घरातली सात घड्याळं सुटी झाली तेव्हा आईला पत्ता लागला! शिक्षा काय? इथून पुढे खोलायला फक्त एकच घड्याळ मिळेल. उघडणं बंद नाही केलं, हे महत्त्वाचं.

पण सगळं सरळ झालं असं समजू नका. व्हासार कॉलेजात प्रवेशासाठी सोळाव्या वर्षी अर्ज केला तर लॅटिनमध्ये मार्क कमी पडले आणि एक वर्ष थांबावं लागलं. आपल्या भाषेत, ड्रॉप घ्यावा लागला. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला, १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी, १९३० मध्ये येल विद्यापीठाची मास्टर्स आणि १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएचडी. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं होतं, त्यामुळे नाव झालं ग्रेस हॉपर. १९३१ पासून त्या व्हासारलाच गणित शिकवायला लागल्या. पक्की नोकरी, आवडीचा विषय. इथेच आयुष्य संपूर्ण स्थिरावलं असतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि हॉपरबाईंनी नौदलात जायचं ठरवलं. नौदलाने नाही म्हटलं. वय जास्त, वजन नियमापेक्षा सुमारे १५ पौंड कमी, आणि वर गणिताची प्राध्यापक म्हणजे देशाला कॉलेजातच जास्त उपयोग! बाईंनी चिकाटी सोडली नाही. वजनासाठी खास सवलत मिळवली, कॉलेजातून रजा घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. ट्रेनिंगमध्ये आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलींबरोबर कवायत करून बॅचमध्ये पहिल्या आल्या. वय ३७.

१९४४ च्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक झाली हार्वर्ड विद्यापीठात, मार्क वन या मशीनवर. हे मशीन म्हणजे ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच असं एक प्रकरण. आत रिले, फिरणारे दांडे, चाकं. सेकंदाला तीन बेरजा हा त्याचा वेग. प्रोग्रॅम म्हणजे कागदी टेपवर पाडलेली भोकं. मशीनचे कर्ताधर्ता होते हॉवर्ड एकन. बाई पहिल्या दिवशी हजर झाल्या, तर एकनसाहेबांनी मशीन दाखवलं आणि आर्कटँजंटच्या कोष्टकासाठी लागणारे गुणांक पुढच्या गुरुवारपर्यंत काढून द्यायला सांगितलं. सबमिशनची तारीख तेव्हाही अशीच यायची! शिकवणारं कोणी नाही, पुस्तक नाही. पुस्तक नव्हतं म्हणून पुढे ते बाईंनाच लिहावं लागलं. १९४६ मध्ये निघालेलं मार्क वनचं मॅन्युअल ५६१ पानांचं आहे.

इथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, आणि माझ्या मते सगळ्या कथेचं बीज त्यातच आहे. हार्वर्डच्या प्रोग्रॅमरांकडे वह्या असत. साइनची किंमत काढायचा एखादा तुकडा एकाने नीट चालवून घेतला की तो वहीत उतरवून ठेवायचा. दुसऱ्याला लागला की त्याने त्या वहीतून आपल्या प्रोग्रॅममध्ये उतरवायचा आणि मेमरीचे पत्ते आपल्या हिशेबाने बेरीज करून बदलायचे. आपण जर्नल उतरवतो त्यातलाच प्रकार. आणि जर्नल उतरवताना जे होतं तेच तिथेही व्हायचं. बेरीज चुकायची, इंग्रजी बी अक्षराचा तेरा व्हायचा. तुकडा बरोबर, उतरवणं चूक. बाईंना प्रश्न पडला की नकला उतरवणं आणि बेरीज करणं या दोनच कामांत माणसं कच्ची आहेत, आणि समोर बसलेलं मशीन नेमकं या दोनच कामांत पक्कं आहे. मग हे काम मशीनलाच का सांगू नये?

जाता जाता किड्याची गोष्टही सांगून टाकतो, कारण हॉपर म्हटलं की तीच सांगितली जाते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू मशीनच्या एका रिलेमध्ये खराखुरा पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीने लॉगबुकात डकवला गेला. ते पान आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पण तांत्रिक बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची आहे, आणि तो पतंग बाईंनी शोधला असंही नाही. त्यांना ती गोष्ट रंगवून सांगायला आवडायचं, एवढंच.

युद्ध संपलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. १९४५ मध्ये लग्न मोडलं. नौदलाच्या कायम सेवेत घ्या म्हटलं तर वयाचं कारण पुढे आलं. हार्वर्डमधलं काम मुदतीचं होतं, ते १९४९ मध्ये संपलं, आणि बाईमाणसाला तिथे कायमची जागा नव्हती. त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉकली यांच्या नव्या कंपनीत युनिव्हॅक बनवायच्या कामावर गेल्या. वरून सगळं ठीक दिसत होतं, पण आतून त्या खचल्या होत्या. युद्धाच्या काळापासून दारूची सवय वाढत गेली होती. नोव्हेंबर १९४९ मध्ये दारूच्या नशेत असताना पोलिसांनी त्यांना पकडलं आणि हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. मित्रांनी पाठ फिरवली नाही. त्यांनी स्पष्ट सुनावलं आणि हातही दिला. थोर माणसांच्या चरित्रात हे प्रकरण बहुधा गाळतात. मी मुद्दाम ठेवलं, कारण ज्या कामासाठी त्यांना जग ओळखतं ते सगळं यानंतरचं आहे. तेव्हा वय होतं ४२.

आता युनिव्हॅक. पहिला युनिव्हॅक १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याला मिळाला. मेमरी फक्त १००० शब्दांची. त्यावर बाईंनी ए-झिरो नावाची गोष्ट रचली. नेहमी लागणारे तपासलेले तुकडे मॅग्नेटिक टेपवर ठेवायचे आणि प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. प्रोग्रॅमरने फक्त नंबर आणि कुठल्या किमतीवर काम करायचं ते लिहायचं. ए-झिरो टेपवरून तुकडे उचलणार, पत्ते बदलणार, एकाला एक जोडणार आणि पूर्ण प्रोग्रॅम तयार करून देणार. आजच्या भाषेत त्याला कंपायलरपेक्षा लिंकर-लोडर म्हणणं जास्त बरोबर होईल, पण कंपायलर हे नाव तिथून रूढ झालं.

यातली एक खाच इंजिनिअर मंडळींना आवडेल. तयार होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पुढच्या एखाद्या पायरीवर उडी मारायची आज्ञा आली, तर ती पायरी अजून मेमरीत बसलेलीच नाही, मग पत्ता काय घालणार? बाई कॉलेजात बास्केटबॉल खेळलेल्या. तेव्हाच्या मुलींच्या नियमांत बॉल घेऊन पळता यायचं नाही, म्हणून मैत्रीण जिथे पोचणार असेल तिथे आधीच बॉल फेकायचा. त्यांनी तसंच केलं. उडी तात्पुरती मेमरीच्या शेवटच्या एका कोपऱ्यात टाकायची, आणि ती पायरी जागेवर बसली की कोपऱ्यात तिचा पत्ता लिहून ठेवायचा. झाला पास पूर्ण!

मे १९५२ मध्ये त्यांनी पिट्सबर्गच्या परिषदेत यावर निबंध वाचला. पण प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम असू शकतो यावर लोकांचा विश्वासच बसेना. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, ही त्या वेळची ठाम समजूत. चालतं मशीन समोर असून कोणी हात लावेना.

बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. हिशेबनीस, कारखान्यातले मॅनेजर, पगारपत्रकं करणारे कारकून यांना गणिताची चिन्हं नकोशी वाटतात, मग त्यांनी साध्या इंग्रजी वाक्यांत आज्ञा लिहाव्यात आणि भाषांतर मशीनने करावं, असा त्यांचा पुढचा प्रस्ताव. वरिष्ठांना पटावं म्हणून एक छोटा प्रोग्रॅम इंग्रजीत लिहून दाखवला, तोच फ्रेंचमध्ये आणि तोच जर्मनमध्ये. मशीनच्या दृष्टीने तिन्ही शब्द म्हणजे नुसते बिट्स, तेव्हा कुठलीही भाषा चालेल हे दाखवायचं होतं. झालं उलटंच. अमेरिकन मशीनला फ्रेंच आणि जर्मन कसं कळेल, म्हणून वरिष्ठ बिथरले! शेवटी फक्त इंग्रजीचं आश्वासन दिल्यावर काम पुढे सरकलं आणि त्यातून फ्लोमॅटिक ही भाषा तयार झाली. हे वाचताना मला राहून राहून वाटतं की चौथं उदाहरण मराठीतलं असतं तरी मशीनची काहीच हरकत नव्हती.

फ्लोमॅटिक मात्र एकाच कंपनीच्या मशीनची. दुसऱ्या कंपनीचं मशीन घेतलं की सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहा. याचा सर्वांत मोठा फटका अमेरिकेच्या संरक्षण खात्याला बसत होता, कारण त्यांच्याकडे सगळ्याच कंपन्यांची मशीन. मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक झाली, कंपन्यांचे आणि सरकारचे लोक एकत्र आले आणि समित्या नेमल्या गेल्या. त्यातून जन्मली कोबोल. हॉपरबाईंना कोबोलची आई म्हणतात, पण भाषा लिहिणाऱ्या समितीत त्या नव्हत्या. तिथे जीन सॅमेट, गर्ट्रूड टिअर्नी, हॉवर्ड ब्रॉमबर्ग वगैरे मंडळी होती. बाई सल्लागार होत्या, आणि समितीसमोर मुख्य नमुना होता त्यांच्या फ्लोमॅटिकचा. काम इतकं रखडलं की ब्रॉमबर्ग महाशयांनी वैतागून कोबोल नाव कोरलेली थडग्याची दगडी पाटी विकत घेऊन अध्यक्षांना पाठवून दिली! पण कोबोल मेली नाही. डिसेंबर १९६० चं प्रात्यक्षिक झालं आणि एक प्रोग्रॅम, दोन मशीन हे खरं ठरलं.

बहुतेक लेख इथे संपतात. मला मात्र यापुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो.

१९६६ च्या अखेरीस वयाच्या ६० व्या वर्षी नौदलाने बाईंना निवृत्त केलं, आणि ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. का? कारण कोबोल सगळीकडे पोचली होती, पण प्रत्येक कंपनीने स्वतःचा मसाला घातला होता. नाव कोबोल, पण एकीकडे चाललेला प्रोग्रॅम दुसरीकडे अडायचा. वचन कागदावर राहिलं होतं. बाईंच्या गटाने यावर भाषणं दिली नाहीत, टेस्ट लिहिल्या. भाषेच्या प्रत्येक नियमासाठी लहान लहान प्रोग्रॅम आणि त्याचं अपेक्षित उत्तर. कंपनीचा कंपायलर आणा, हा संच त्यावर चालवा, कुठे उत्तर जुळत नाही ते यादीत दिसेल. मग चर्चेला जागाच उरत नाही. पुढे अमेरिकन सरकारने कंपायलर विकत घेताना हीच पद्धत स्वीकारली. आणि ते सहा महिने? ते जवळजवळ एकोणीस वर्षं चालले.

आमच्या ग्रुपने फ्लटरमध्ये मेसच्या खाड्यांचा हिशेब ठेवणारं ॲप केलं, तेव्हा मला हा भाग खऱ्या अर्थाने कळला. डार्टमध्ये लिहिलेला आमचा कोड एकच. रिलीझ बिल्ड करताना तो फोनच्या प्रोसेसरच्या मशीन कोडमध्ये उतरतो, म्हणजे बाईंचं अर्धं काम आता एका कमांडवर होतं. उरलेलं अर्धं काम कमांडवर होत नाही. युनिट टेस्ट लिहिल्या : रात्री ११:५९ ला कळवलेला खाडा धरायचा, १२:०० चा नाही, महिना २८ चा असो की ३१ चा. या सगळीकडे सारख्याच पास झाल्या. मग विजेट टेस्ट, म्हणजे बटण दाबल्यावर आकडा बदलतो का. त्याही पास. आणि मग खरे फोन हातात घेतले. मेसच्या काकांनी डोळ्यांसाठी अक्षरं मोठी करून ठेवलेली, तिथे नावांची ओळ स्क्रीनबाहेर गेली आणि फ्लटरचे ते पिवळे-काळे पट्टे दिसले. एका मित्राच्या फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग खाड्याची आठवण देणारं नोटिफिकेशन झोपवून टाकायची. आयफोनचं बिल्ड करायला मॅक लागतो, तो शोधण्यात आठवडा गेला. प्रत्येक फोन म्हणजे कोबोलची एक वेगळी बोली! काकांच्या फोनवर ओळ दिसली नाही तर बिघडणार कोणाचं? काकांच्या महिन्याच्या हिशेबाचं. म्हणून आम्ही वहीत तक्ता केला, एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला टेस्ट, आणि प्रत्येक चौकट स्वतः बघून भरली.

उतारवयात बाई देशभर व्याख्यानं देत हिंडायच्या. बरोबर तारेचे तुकडे असायचे, प्रत्येक सुमारे ३० सेंटिमीटरचा. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते, म्हणून तो तुकडा म्हणजे एक नॅनोसेकंद. मायक्रोसेकंद दाखवायला जवळपास ३०० मीटरचं वेटोळं आणायच्या. उपग्रहावरून निरोप यायला वेळ का लागतो, असं मोठ्या अधिकाऱ्यांनी विचारलं की तार दाखवायच्या आणि इथून तिथपर्यंत असे किती तुकडे लागतील ते मोजायला लावायच्या. पोरांना ते तुकडे वाटून टाकायच्या. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर उलटं फिरणारं घड्याळ होतं. आजवर असंच चालत आलंय, हे कारण त्यांना चालत नसे, आणि उलट्या घड्याळातही वेळ बरोबरच कळते हे येणाऱ्याला पटायला फार वेळ लागत नसे.

१९८५ मध्ये त्या रिअर ॲडमिरल झाल्या. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टनला कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निवृत्ती समारंभ झाला, तेव्हा ७९ वर्षांच्या बाई नौदलातल्या सर्वांत वयस्कर सेवारत अधिकारी होत्या. त्यानंतरही त्या घरी बसल्या नाहीत, डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वायटूकेच्या कामासाठी आपल्याकडची कितीतरी मुलंमुली कोबोल शिकली आणि परदेशी गेली, आणि बँकांचे अनेक व्यवहार आजही त्याच भाषेत चालतात. १९९७ मध्ये त्यांच्या नावाची युद्धनौका नौदलात आली, २०१६ मध्ये मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

एवढे मानसन्मान वाचून दडपण येतं, म्हणून मी त्यांची आठवण वेगळ्या जागी ठेवली आहे. लॅटिनमध्ये अडकलेली मुलगी, ४२ व्या वर्षी कोलमडून पुन्हा उभी राहिलेली बाई आणि साठीनंतर दुसऱ्यांचे कंपायलर ओळीओळीने तपासत बसलेली म्हातारी. तेव्हा मित्रहो, डेमोच्या आदल्या रात्री सगळ्यात भारी फोनवर ॲप चालवून खूश होऊ नका. विंगमधला सगळ्यात जुना, काच तडकलेला फोन मागून आणा. तो देणारा मित्र थोडी कुरकुर करेल, पण देईल. मग त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या टेस्ट चालवा.